सट्टा, सावकार आणि सरकार

वाचकहो, आपल्या घामाचा पैसा कोठे घालावा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? तुम्ही चटकन म्हणाल, 'ज्याचा पैसा त्याचा अधिकार. सरकारने मध्ये पडायचे कारण काय?' उत्तर सरळ दिसते. पण तोच पैसा बुडाला, की तोच मनुष्य चावडीवर येऊन विचारतो, 'सरकार काय झोपले होते?' ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून निघतात. आणि गंमत अशी, की दोन्हींत काही ना काही तथ्य असते. तेव्हा जोखमीच्या गुंतवणुकीचे दार सामान्य माणसासाठी सरकारने बंद करावे की उघडे ठेवावे, या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

प्रश्न आजचाच आहे. आपल्या देशात भांडवल-बाजारावर देखरेख ठेवणारी 'सेबी' ही संस्था आहे. तिला १९९२ च्या कायद्याने अधिकार मिळाले. २०१२ पासून तिचा एक नियम असा, की 'पर्यायी गुंतवणूक निधी' म्हणून जे जोखमीचे निधी आहेत, त्यांत साधारणपणे एक कोटी रुपयांच्या खाली कोणाला पाऊल ठेवता येत नाही. आपला पैसा दुसऱ्या जाणकाराच्या हाती सोपवून त्याच्याकडून स्वतंत्र गुंतवणूक करून घ्यायची, तर किमान पन्नास लाख रुपये हवेत. २०२५ मध्ये मधला एक नवा प्रकार निघाला, त्याला किमान दहा लाख लागतात. म्हणजे काय, तर थैली जड असेल तर आत या, हलकी असेल तर बाहेर थांबा!

हे ऐकून एखादे गुरुजी रागावतील. 'मी तीस वर्षे मुलांना गणित शिकवले. चक्रवाढ व्याज मला कळत नाही आणि वडिलांची इस्टेट मिळालेल्या दिवट्या पोराला कळते, असे सरकारला वाटते काय?' रागाला जागा आहे. पण या नियमामागे काय अनुभव उभा आहे, तोही पाहिला पाहिजे. त्यासाठी आपण दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जाऊ. आधी मुंबईला जाऊ आणि मग परत आपल्या सातारा-सांगलीकडे येऊ.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण या दोन भागांत यादवी युद्ध जुंपले. विलायतेतल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येई. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि तो कापूस थांबला. गिरण्यांनी तोंड वळवले ते हिंदुस्थानकडे. कापसाचा भाव बघता बघता चौपट झाला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला, अशा हकीकती त्या काळच्या सांगतात. चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा सात कोटी पौंडांहून अधिक जादा पैसा मिळाला, असा हिशेब पुढे मांडण्यात आला.

आता एवढा पैसा आला, तो ठेवायचा कोठे? शेतात पाणी मावेनासे झाले की ते बांध फोडून वाट काढते. पैशाचेही तसेच. मुंबईत कंपन्या निघू लागल्या. पेढ्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, जहाजांच्या, विम्याच्या, कापूस दाबण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या होत्या, अशी नोंद आहे. शिवाय इतर भागीदारी कंपन्या ६२, आणि त्या प्रकारची दहा वर्षांपूर्वी एकही नव्हती.

यांतली सर्वांत गाजलेली कंपनी म्हणजे बॅकबेचा समुद्र हटवणारी. तिच्या पाच हजार रुपये भरलेल्या एका भागाला पन्नास हजार रुपयांपर्यंत भाव आला. समुद्र अजून जागच्या जागीच होता, बरं का! हटला होता तो लोकांच्या डोक्यातला विवेक. या सर्व उलाढालीचा राजा म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद. ते ज्या कंपनीला हात लावतील तिचे सोने होते, अशी लोकांची समजूत झाली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो त्यांनीच दिलेल्या देणगीतून उभा राहिला, आणि त्याला नाव आहे त्यांच्या मातोश्रींचे.

पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ती आहे बँक ऑफ बॉम्बेची. ही बँक १८४० मध्ये स्थापन झाली. तिच्यात सरकारचे भाग होते आणि सरकारचे संचालक होते. तिच्या जुन्या सनदेत अशी अट होती, की कंपन्यांचे भाग तारण घेऊन कर्ज द्यायचे नाही. अट साधी पण शहाणपणाची, कारण भागाची किंमत आज दहा तर उद्या दोन. अशा तारणावर लोकांच्या ठेवी उधळायच्या नाहीत, एवढाच तिचा अर्थ. १८६३ मध्ये नवा कायदा झाला, त्यात ही अट उठली. वेळ कोणती, तर सट्ट्याला ऊत येत होता ती! बँकेने भाग तारण घेऊन पैसे द्यायला सुरुवात केली. त्या पैशातून लोकांनी आणखी भाग घेतले. त्यामुळे भाव आणखी चढला. भाव चढला म्हणून तारण भक्कम दिसू लागले आणि तारण भक्कम म्हणून आणखी कर्ज. हे रहाटगाडगे असे फिरू लागले, की विहिरीत पाणी किती उरले हे पाहण्याची कोणाला सवडच नव्हती.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला. लोकांनी पुढच्या मुदतीचे सौदे करून ठेवले होते आणि त्यांतल्या पुष्कळांची मुदत १ जुलै १८६५ ही होती. तो दिवस उजाडला तेव्हा देणारा कोणी उरला नव्हता, सगळे घेणारेच! बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग एकदा २,८५० रुपयांवर गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेला. बँकेचे जवळजवळ सगळे भांडवल बुडाले आणि १८६८ मध्ये तिचा कारभार गुंडाळावा लागला. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले. मंडळाने अनेकांना दोष दिला, आणि १८६३ च्या त्या कायद्याने जुने निर्बंध सैल केले हेही एक कारण म्हणून नोंदवले.

या प्रकरणात बुडाले कोण, हे नीट ध्यानात घ्या. अडाणी, गरीब, अक्षरशत्रू एवढेच बुडाले काय? नाही. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. स्वतः प्रेमचंदशेठ बुडाले. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासारखा पुरुष, नामांकित वैद्य, प्राचीन शिलालेख वाचणारा पंडित, त्यांचीही संपत्ती या वावटळीत गेली. म्हणजे ज्याची थैली जड त्याची बुद्धी खोल, हे गृहीत मुंबईने त्याच वेळी खोटे ठरवले होते. एक कोटीच्या नियमाकडे पाहताना ही गोष्ट विसरू नये. पैसा हे अकलेचे माप नव्हे. मात्र तो दुसऱ्या एका गोष्टीचे माप जरूर आहे, ती म्हणजे धक्का सोसण्याची ताकद. दहा वाड्यांचा धनी एक वाडा हरला, तर नऊ उरतात. एका खोलीचा धनी ती खोली हरला, तर तो रस्त्यावर येतो. नियमाचा आधार असलाच तर तो एवढाच आहे.

धडा मिळाल्यावर सरकारने काय केले? १८६५ मध्येच मुंबई सरकारने एक कायदा करून पैजेच्या सौद्यांना न्यायालयाचा आधार काढून घेतला. माल द्यायचा नाही, घ्यायचा नाही, फक्त भावातला फरक मोजायचा, असा निव्वळ पैजेचा सौदा असेल, तर त्याची फिर्याद चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. झाले काय? सट्टा थांबला नाही. कोर्टाच्या पायरीवरून उठला आणि शब्दाच्या भरवशावर गल्लीत जाऊन बसला. अखेर १९२२ च्या कायद्याने कापसाच्या वायद्यांना आणि १९२५ च्या कायद्याने रोख्यांच्या सौद्यांना नियमांखाली आणावे लागले. तोंड फिरवल्याने सट्टा मरत नाही. त्याच्यावर नजर ठेवावी लागते, हे कळायला साठ वर्षे गेली.

आता मुंबई सोडू आणि घाट चढून आपल्याकडे येऊ. तुम्ही म्हणाल, मुंबईच्या शेठजींच्या भागांशी कृष्णाकाठच्या कुणब्याचा काय संबंध? संबंध होता. कापसाच्या तेजीबरोबर सगळ्याच मालाचे भाव चढले. त्याच काळात रेल्वेची आणि सरकारी बांधकामांची कामे जोरात होती, मजुरीला आणि गाड्यांना मागणी होती. शेतकऱ्याची पत वाढली. सावकार स्वतः होऊन कर्ज देऊ लागला. पुढे भाव उतरले, सरकारने कित्येक तालुक्यांत शेतसारा वाढवला, आणि चढत्या भावाच्या हिशेबाने घेतलेले कर्ज उतरत्या भावात फेडण्याची पाळी आली. मुंबईत जे भागांनी केले तेच इथे खतांनी केले. फरक एवढाच, की शेठजीचा भाग गेला आणि कुणब्याची जमीन गेली.

इथे कायद्याचा एक विलक्षण खेळ झाला, तो शिक्षकमंडळींनी मुद्दाम पाहावा. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात 'दामदुपटी'चा नियम आहे. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभराचे दोनशे झाले की व्याज थांबले. पंडितांनी घातलेले हे कुंपण साधे होते आणि ऋणकोला समजणारे होते. मग १८५९ मध्ये इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला. नोंदणी न झालेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा केला नाही, तर तो बुडाला. हेतू चांगला होता. जुनीपुराणी खते उकरून काढून सावकाराने ऋणकोला छळू नये, हा. पण झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार दारात उभा. 'नवे खत लिहून दे, नाही तर कोर्टात जातो.' कुणबी बिचारा अंगठा उठवी. नव्या खतात जुने व्याज मुद्दल होऊन बसे! मग त्या नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज. व्याजच मुद्दल झाले म्हटल्यावर दामदुपटीचा नियम धरणार कोणाला? ज्या कायद्याने ऋणकोला वाचवायचे, त्यानेच त्याच्या गळ्याचा फास दर तीन वर्षांनी आवळला.

याचा परिणाम १८७५ मध्ये दिसला. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. नंतर पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच घडले. लोकांचा रोख सोन्यानाण्यावर नव्हता, तो होता कागदांवर. खते, हुकूमनामे, वह्या बाहेर काढायच्या आणि जाळायच्या. सावकाराच्या अंगाला हात लावण्याचे प्रकार फार थोडे झाले. सातारा जिल्ह्यात ही आग सप्टेंबरमध्ये कोकरूड गावी पोचली. हे कोकरूड आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. तिथेही सावकाराची खते जाळली गेली. आपल्या भागाने या प्रश्नावर आपला कौल असा दिलेला आहे.

सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा' झाला. तो चारच जिल्ह्यांना लागू केला: पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर. तेव्हा आपली वाईसुद्धा त्यात आली. या कायद्याखाली पुढे विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम पाहिले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. कायद्यात काय होते? न्यायाधीशाने नुसते खत पाहून हुकूमनामा द्यायचा नाही. खताच्या मागे जायचे, पहिल्यापासूनचा व्यवहार तपासायचा, खरे मुद्दल किती आणि रास्त व्याज किती ते ठरवायचे. कर्जापायी शेतकऱ्याला अटक नाही. गहाण टाकलेली नसेल तर जमीन विकायची नाही. खत गावच्या नोंदणी कामगारापुढे लिहायचे. फेड केली की पावती द्यायची.

हा कायदा चांगला की वाईट? दोन्ही. ज्याचा व्यवहार आधीच झाला होता त्याला तो वरदान ठरला, कारण कित्येकांच्या डोक्यावरचा खोटा बोजा उतरला. पण ज्याला उद्या कर्ज हवे होते त्याच्यापुढे नवीच अडचण उभी राहिली. सावकार म्हणू लागला, 'कोर्ट खत मानत नाही ना? मग खत नको. जमिनीचे खरेदीखतच लिहून दे. पैसे परत केलेस की जमीन परत देतो, माझा शब्द!' म्हणजे पूर्वी गहाण होती ती जमीन आता कागदोपत्री विकली जाऊ लागली. ज्याच्यापाशी जमीन नव्हती त्याला तर कर्ज मिळणेच अवघड झाले. एक दार लावले, तर माणूस खिडकीतून गेला आणि पडून पाय मोडून बसला.

खरा उपाय त्याच्या पुढे निघाला. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. सावकाराचे दार बंद करायचे असेल तर दुसरे दार उघडून द्यावे लागते, हे तेव्हा कळले. सहकारात पुढे दोषही शिरले, नाही असे नाही. पण बंदीच्या जोडीला पर्याय लागतो, हा विचार पक्का झाला.

आता तिसरा दाखला घरचाच घेऊ. आपली वाई हळदीची, आणि सांगली तर हळदीची मोठी पेठ. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवे खणून हळद साठवण्याची जुनी रीत होती. २००५ च्या महापुरात त्या पेवांची मोठी हानी झाली. या पेठेत हळदीचे वायदेही होत. सांगलीला मसाले आणि तेलबियांच्या वायद्यांची मान्यताप्राप्त बाजारसंस्था होती. वायदा म्हणजे काही पाप नव्हे. शेतकऱ्याला आज कळते, की चार महिन्यांनी आपल्या हळदीला अमुक भाव मिळेल. व्यापाऱ्याला कळते, की आपल्याला माल अमुक भावाने पडेल. दोघेही जोखीम कमी करतात. पण ज्याच्या घरी हळदीचे एक बोटदेखील नाही, ज्याला ती घ्यायची नाही आणि विकायचीही नाही, असा तिसरा मनुष्य नुसत्या भावाच्या चढउतारावर पैसे लावतो, तेव्हा तो जोखीम कमी करत नाही, ती विकत घेतो. अशा जोखीम घेणाऱ्यांचीही बाजाराला गरज असते, हे खरे. प्रश्न एवढाच, की ती जोखीम घेण्याची ऐपत कोणाची?

आता आजचे आकडे बघा. भागांच्या वायदेबाजारात व्यक्तिशः उतरणाऱ्या लोकांचा अभ्यास सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केला. तीन वर्षांत एक कोटीहून अधिक माणसे या खेळात उतरली. त्यांतल्या शंभरांपैकी त्र्याण्णव जणांचे नुकसान झाले. एकूण नुकसान १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. यांत तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलेले होते. आणि दहांपैकी सात जण मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या गावांतले नि तालुक्यांतले होते. सेबीने मग नियम कडक केले. नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकाच्या वायद्याचा एक सौदा किमान पंधरा लाख रुपयांचा असला पाहिजे असे ठरवले. म्हणजे उंबरठा उंच केला.

आणि दुसरीकडे काय चालले आहे? मुंबईच्या बाजाराचा उंबरठा उंच होत असता गावात बिनउंबरठ्याची दारे सताड उघडी असतात. २०१२ च्या सुमारास इमू पक्षी पाळण्याचे वेड आले आणि गेले. नंतर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात कडकनाथ कोंबड्यांची योजना निघाली. पिल्ले आम्ही देऊ, तुम्ही पाळा, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, अशी बोली. २०१९ मध्ये ती कोसळली आणि शेकडो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कोणी दागिने मोडून, कोणी कर्ज काढून पैसे घातले होते. अशा योजनेत परतीचा भाव बाजारातल्या गिऱ्हाइकाकडून येत नाही. तो मागून येणाऱ्या नव्या गुंतवणूकदाराच्या खिशातून येतो. नवे लोक यायचे थांबले, की गाडी थांबली.

विचार करा. या माणसांना सेबीच्या कोटीच्या नियमाने काय संरक्षण दिले? काहीच नाही. कारण ते त्या दारात गेलेच नव्हते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला हा प्रकार. राज्यात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. लबाड संस्थेची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना देण्याची तरतूद त्यात आहे. नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ मध्ये झाला. कायद्यांचा तुटवडा नाही. पण त्यांचा उपयोग बहुधा पैसे बुडाल्यावर होतो. पाणी वाहून गेल्यावर बांध घालण्यात अर्थ थोडाच राहतो.

तर मग, वाचकहो, आपला निर्णय काय? या इतिहासात मला कुंपणाचे तीन प्रकार दिसतात. पहिले कुंपण देणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला घातलेले. बँकेने भागांवर कर्ज द्यायचे नाही, सावकाराने पावती दिलीच पाहिजे, या प्रकारचे. दुसरे कुंपण व्यवहाराला. पैजेचा सौदा कोर्टात चालणार नाही, हे त्यातले. आणि तिसरे कुंपण माणसाला. तू अमुक वर्गातला, म्हणून तुला हे करता येणार नाही.

पहिले कुंपण सगळ्यांत कामाचे ठरले. ते काढले तेव्हा मुंबई बुडाली. दुसऱ्याने व्यवहार मेला नाही, लपला. तिसरे कधी कधी लागते, पण त्याला किंमत मोजावी लागते. १८७९ चा कायदा हे त्याचेच उदाहरण. कुणब्याला अजाण समजून संरक्षण दिले, आणि त्याची पतच आटली. आजही श्रीमंताला कोटीचा निधी मोकळा आणि शिक्षकाला बंद, असे कायमचे ठरवून टाकले, तर धनाचे धन होण्याच्या वाटा धनिकांच्याच अंगणातून जाणार. लोकशाहीत ही गोष्ट फार दिवस मानवणारी नाही.

म्हणून माझे मत असे. ज्या निधीत आतला कारभार दिसत नाही, पैसा वर्षानुवर्षे अडकतो आणि सगळा बुडण्याचा संभव आहे, तिथे उंबरठा असावा. मात्र तो नुसता थैलीचा नसावा. अमेरिकेत १९८२ पासून श्रीमंतीवरच हा परवाना ठरत होता. २०२० मध्ये तिथे सुधारणा करून, त्या विषयाची ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाही आत घ्यायला सुरुवात झाली. आपल्याकडेही ज्ञानाची अशी एखादी वाट काढायला हरकत नाही. दुसरे, अशा ठिकाणी माणसाने आपल्या एकूण शिल्लकेचा लहानसाच भाग घालावा, अशी मर्यादा ठेवता येईल. एक तुकडा गेला तर भाकरी उरेल. तिसरे, खरा लगाम विकणाऱ्याच्या तोंडात हवा. योजना समजावून न सांगता विकली, तर नुकसान भरून देण्याची जबाबदारी त्याची. आणि चौथे, सर्वांत आधी गावातली ती बिनउंबरठ्याची दारे तपासली पाहिजेत. तालुक्याच्या कचेरीला हे काम अशक्य नाही. गावात नवी योजना आली, जाहिरात लागली, सभा झाली, की तिची नोंदणी कोठे आहे एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

यात शिक्षकांचे काम मोठे आहे. निवृत्तीच्या दिवशी गुरुजींच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा मोठी रक्कम येते, आणि त्याच आठवड्यात दारात हसतमुख पाहुणे येऊ लागतात. आपण वर्गात व्याजाची उदाहरणे घालतो. त्यांत एक उदाहरण असेही घाला. एका योजनेत महिन्याला शंभरावर पाच रुपये मिळतात असे सांगतात. साधे व्याज धरले तरी वर्षाचे साठ झाले. आता कोणता धंदा प्रामाणिकपणे शेकडा साठ नफा मिळवून, वर आपला खर्च भागवून, दुसऱ्याला एवढे व्याज देईल? मुले उत्तर शोधतील. आणि घरी जाऊन वडिलांना विचारतीलही.

पाहुण्यांना विचारायचे प्रश्न तीनच आहेत. पैसा कोठे लागतो? नफा कोणाच्या खिशातून येतो? आणि मला उद्या सकाळी पैसे परत हवे असतील तर कोण देईल? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर पाहुण्यांना चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

सरकारने कुंपण घालावे, यात शंका नाही. पण कुंपण घालायचे ते चोर शिरू नये म्हणून. धन्याला त्याच्याच शेतात जाता येऊ नये म्हणून नव्हे. कोकरूडच्या लोकांनी खते जाळली ती आपली बाजू ऐकणारे कोणी उरले नाही म्हणून. पुन्हा तशी पाळी येऊ नये, एवढी दक्षता सरकारने आणि आपण मिळून घेतली पाहिजे.